खंडोजीरावांचं काळं चिलखत

घर बघायला गेले तेव्हा खंडोजीराव जगदाळ्यांनी मला भाडं सांगितलं नाही, पाण्याच्या वेळा सांगितल्या नाहीत, मी काय खाते तेही विचारलं नाही. ते खिडकीशी टेबलावर वाकून बसले होते. कपाळाला भिंगाचा पट्टा, डाव्या हातात औषधाची रिकामी बाटली, तिच्या झाकणावर चिकटवलेला अंगठ्याएवढा एक सैनिक आणि उजव्या हातात ब्रश. त्यांनी भिंगाच्या वरून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं,

"तुमच्या हातातली पिशवी कुठल्या रंगाची?"

"काळी," मी म्हटलं.

"नीट बघा."

मी नीट पाहिलं. पिशवी काळीच होती.

"वर निळी आहे. आभाळ पडलंय तिच्यावर. खाली तांबूस आहे, ती आमची फरशी. मध्ये स्वल्प काळी आहे, पण तेवढ्यावरून कोण काळी म्हणतं?"

आतून त्यांच्या पत्नी, अंबूकाकू, हात पुसत आल्या. "तुम्ही वरच्या खोल्या बघून घ्या," त्या म्हणाल्या. "यांचं असंच. मला बघायला आले तेव्हा माझ्या साडीला असंच बोलले होते. माझ्या वडलांना वाटलं, मुलगा रंगांधळा आहे."

मी सांगलीची. नोकरीनं म्हैसूरला आणलं आणि विजयनगरातल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी तीन वर्षं राहिले. म्हैसुरात मोठी माणसंही तरुण बाईला मायेनं 'अम्मा' म्हणतात. खंडोजीराव मला पहिल्या आठवड्यापासून अम्मा म्हणायला लागले. मी त्यांना काका म्हणत असे. ते वयानं माझ्या वडलांपेक्षाही मोठे होते.

त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. "घोडे गेले, तलवारी गेल्या. मराठी राहिलं, तेही निम्मं," काका म्हणायचे. "तुम्ही सांगलीच्या, अल्वा, हो ना? तुमचं मराठी शुद्ध. आमच्यात सांबार पडलंय." हे सांगताना त्यांना वाईट वाटत नसे. सांबार त्यांना आवडायचं.

स्वतः काकांनी हातात शस्त्र कधी धरलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी दात केले. दंतवैद्य साचा पाठवायचे आणि काका आपल्या छोट्या कारखान्यात मेणातून, धातूतून, पोर्सलिनमधून कॅपा आणि कवळ्या बनवायचे. त्यामुळे त्यांना माणसं दातांवरून लक्षात राहात. कोपऱ्यावरच्या फुलवाल्याचं नाव त्यांना शेवटपर्यंत आलं नाही. "वरचा डावा सुळा पोर्सलिनचा, तो," असं ते सांगायचे, आणि काकू बरोबर त्याच्याकडूनच मोगरा आणायच्या.

सैनिक रंगवायचं वेड निवृत्तीनंतर लागलं. समोरच्या घरात नवीन नावाचा एक संगणक अभियंता राहतो. तो आणि त्याचे मित्र दर रविवारी एका मोठ्या टेबलावर डोंगर, पूल, पडके बुरूज मांडून फासे टाकून लढाई खेळतात. प्रत्येकाची आपापली फौज असते आणि ती ज्याची त्यानं रंगवायची असते. एकदा नवीनच्या सैनिकाची तलवार मोडली. बारीक कामाचा माणूस म्हणून तो काकांकडे आला. काकांनी दात सांधायच्या मसाल्यानं दोन मिनिटांत तलवार जोडून दिली. मग भिंग लावून सैनिकाकडे पाहिलं.

"हे कोणी रंगवलं?"

"मीच, अंकल."

"का?"

नवीन ही गोष्ट अजून सांगतो. त्या 'का'मध्ये राग नव्हता, टोमणा नव्हता, काकांना खरंच कारण हवं होतं, असं तो म्हणतो. दुसऱ्या दिवशी तो आपले तीस काळे सरदार बुटांच्या खोक्यात घालून घेऊन आला. ते त्यानं फवाऱ्यानं एकाच दमात काळे करून टाकले होते. काकांनी ते ओळीनं मांडले, लांबून पाहिलं आणि म्हणाले, "हे सैनिक नव्हेत, बूट आहेत. खोकं बरोबर आहे."

मग त्यांनी त्याला शिकवायला सुरुवात केली. पहिले तीन रविवार ब्रशाला हात लावू दिला नाही. नवीनला हुणसूरच्या बसमध्ये बसवून घेऊन गेले आणि वाटेतल्या एका तळ्याशी उतरवलं. दुपारची वेळ होती. पाण्यातून म्हशी बाहेर येत होत्या.

"म्हैस बघ," काका म्हणाले.

नवीननं म्हैस पाहिली.

"काळी आहे?"

"हौदू, अंकल," त्यानं होकार दिला.

"परत बघ."

साधारण तासाभरानं नवीन म्हणाला की पाठीवर निळसर पांढरं आहे, पोटाखाली चिखलाचा तपकिरी आहे, आणि शिंगांच्या कडेला केसाएवढी एक पांढरी रेघ आहे. "साकु," काका म्हणाले. पुरे. दोघं परतीच्या बसमध्ये बसले. काकांच्या मते काळं चिलखत रंगवण्याचं निम्मं शिक्षण तिथं झालं. उरलेलं निम्मं हाताचं काम होतं. नुसता काळा कधी लावायचा नाही. त्यात थोडा निळा मिसळायचा, माणूस चिखलातून आला असेल तर थोडा तपकिरी. रंग दुधासारखा पातळ करायचा, दहा वेळा लावायचा. उजेड कुठून येतो ते आधी ठरवायचं आणि मग मरेपर्यंत बदलायचं नाही. शेवटी कडांवर राखाडी रेघ, श्वास सोडून झाल्यावर आणि पुढचा घ्यायच्या आत.

धातूचं त्यांचं वेगळं होतं. रंगाच्या डब्यांत चांदीचा आणि सोन्याचा चमकणारा रंग मिळतो. खेळातल्या सैनिकांना ते तो लावून देत. वर काळपट तपकिरी पाणी सोडायचं, ते खाचांत जाऊन बसतं, मग उंचवटे पुन्हा उजळायचे. हे काम ते झटपट करत आणि त्याचा फारसा विचार करत नसत. पण मनापासून करायचं असलं की चमकीची डबी कपाटात जायची. मग पोलाद करायचं ते नुसत्या राखाडी, पांढऱ्या, निळ्या रंगांनी, आणि सोनं करायचं ते पिवळ्या आणि तपकिरीनं. चमक रंगात नसायची, ती त्यांनी काढलेली असायची. "डबीतली चमक डबीवाल्याची," ते म्हणायचे.

खेळ मात्र त्यांनी कधी शिकून घेतला नाही. एकदाच नवीनच्या घरी रविवारी बघायला गेले. अर्ध्या तासात कुणीतरी फासे टाकले आणि काकांनी रंगवलेले चार सरदार टेबलावरून उचलून बाजूला ठेवले.

"त्यांना का काढलं?"

"मेले, अंकल."

"मेले म्हणजे? तो डावीकडचा अजून पुरता वाळलेला नाही."

ते उठले, चौघांना खिशात घातलं आणि घरी आले. खेळ तसाच पुढे गेला. ते सैनिक परत मागायची नवीनची हिंमत झाली नाही. काकूंनी ते देवघराशेजारच्या फळीवर ठेवले.

एकदा मी त्यांच्याबरोबर बैलकुप्प्याला गेले. तिबेटी मठात सोन्याचा मुलामा दिलेल्या भल्यामोठ्या मूर्ती आहेत आणि काकांना सोनं बघायचं होतं. लोक येत होते, हात जोडत होते, फोटो काढत होते. काका एका खांबाला टेकून बसले आणि मूर्तीच्या गुडघ्याकडे बघत राहिले. मी मठाभोवती दोन चकरा मारून आले तरी ते गुडघ्यावरच होते.

"सोन्यात सोनेरी फार थोडं आहे, अम्मा," ते म्हणाले. "तपकिरी जास्त. आणि तो खालचा लाल बघा. तो या लोकांच्या वस्त्रांचा."

एक म्हातारे भिक्षू बराच वेळ त्यांना पाहात होते. ते जवळ आले आणि कन्नडमध्ये त्यांनी विचारलं, ध्यान करता का? काका म्हणाले, नाही, मी दात करायचो. भिक्षूंनी आपलं तोंड उघडलं आणि बोटानं गाल बाजूला करून मागची दाढ दाखवली. काकांनी खिशातून टॉर्च काढला, आत बघितलं.

"चांगलं काम आहे. मंगळूरचं?"

भिक्षूंनी तोंड उघडंच ठेवून मान हलवली. मंगळूरचंच होतं. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. बसमध्ये काका म्हणाले की आजचा दिवस चांगला गेला.

आता सुभानरावांबद्दल सांगायला हवं. हे काकांचे थोरले भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक, आणि तिथल्या मराठा घराण्यांच्या समाजाचे अध्यक्ष. त्यांचं घर चालत दहा मिनिटांवर होतं. मी राहायला गेले तेव्हा दोघं भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. कारण काकूंनी मला सांगितलं, तांदूळ निवडता निवडता.

काकांच्या वडलांना, अप्पांना, म्हातारपणी दात उरले नव्हते. काकांनी त्यांना कवळी करून दिली. पहिली टोचली, दुसरी बोलताना वाजायची, तिसरी अशी बसली की अप्पा शेवटच्या वर्षापर्यंत कडक कोडबळी चावून खात. अप्पा गेले, तेव्हा गुरुजी म्हणाले की देहात परकी वस्तू ठेवू नये. सुभानरावांनी थोरलेपणाच्या अधिकारानं स्वतः कवळी काढली आणि एका स्टीलच्या वाटीत ठेवली. अप्पांचे गाल आत गेले. काका सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, कवळी बसवल्यापासून अप्पा तिच्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडले नाहीत."

सुभानराव म्हणाले, "जिथं चाललेत तिथं चावायचं काय आहे?"

त्यांना तसं म्हणायचं नसावं. माणूस त्या वेळी काहीही बोलतो. पण मागे कुणीतरी हसलं. "ते हसणं लागलं यांना," काकू म्हणाल्या. "आयतु. संपलं तिथंच."

मी तिथं राहायला लागून दीड वर्ष झालं असेल, तेव्हा पोस्टानं एक पत्र आलं. समाजाच्या छापील कागदावर, 'श्री. खंडोजीराव जगदाळे यांस'. समाजाच्या सभागृहात काचेच्या पेटीत मूळपुरुषाची घोड्यावरची वीतभर उंचीची प्रतिमा ठेवायची आहे, काळं चिलखत, त्यावर सोन्याची नक्षी, तरी आपण ती करून द्यावी. खाली 'अध्यक्ष' अशी सही. काकांनी पत्र दोनदा वाचलं, कपडे करून पोस्टात गेले आणि एक कार्ड टाकून आले. त्यावर 'मान्य' एवढंच लिहिलं होतं.

"मूळपुरुषाला चिलखत होतं का हो काका?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. घोडा तरी स्वतःचा होता की नाही! पण दादाला हवंय ना."

कवळ्यांच्या मेणातून त्यांनी घोडा आणि स्वार घडवला, साचा काढला, ओतला. त्याला दोन महिने लागले. मग रंगवायला घेतला, आणि त्याच सुमारास त्यांचा उजवा हात थरथरायला लागला.

मला ते कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी कॉफी घेताना बशीवर कप किणकिणतो आहे असं लक्षात आलं. पुढच्या आठवड्यात काकूंनी बश्या बंद केल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात काकांची कॉफी स्टीलच्या पेल्यात, अर्धीच भरून यायला लागली. डॉक्टरांचं मला काकूंकडून नंतर कळलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आजार मोठा नाही, वयाचा कंप आहे, गोळ्यांनी थोडा आवरेल, पण वाढत जाईल. काकांनी विचारलं होतं, "चार महिने थांबेल का?" डॉक्टर म्हणाले, कंपाला विचारून सांगता येत नाही.

कडांवरच्या केसाएवढ्या रेघा त्यांच्याच्यानं होईनात. रेघ निघायची आणि मध्येच फाटायची. त्यांनी मनगट पुस्तकांच्या चळतीवर टेकवलं, डाव्या हातानं उजवा धरला, श्वास रोखून पाहिलं. मग एक दिवस स्वारावर ओला रुमाल टाकला आणि ब्रश धुऊन ठेवले. तीन आठवडे ते खिडकीशी बसले पण टेबलाकडे पाठ करून. काकू त्यांच्याशी नेहमीसारखंच बोलायच्या, फक्त जरा मोठ्यानं. एकदा मी खाली गेले तर त्या एकट्याच स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि भांडं घासून झालेलं असूनही घासत होत्या. "चौतीस वर्षं लोकांच्या तोंडात दात दिले यांनी," त्या म्हणाल्या, "एकाला ओरखडा नाही उठला."

चौथ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी मला जिन्यावरूनच हाक मारली. "अम्मा, इकडे या. नोडी, बघा."

स्वाराच्या खांद्यावर रेघ नव्हती. ठिपके होते. शेकडो, काही डोळ्याला न दिसण्याइतके बारीक, निळसर, राखाडी, कडेशी दाट आणि आत विरळ. आणि ते काळं पोलाद, खरं सांगते, वापरलेलं दिसत होतं. पाऊस लागलेलं, घासलेलं, पुन्हा पाऊस लागलेलं.

"मी रेघ मारायला जात होतो, म्हणून तो भांडत होता," ते आपल्या हाताकडे बघत म्हणाले. "ठिपके तो आपले आपण देतो. मी फक्त जागा दाखवतो."

त्यानंतर दोन महिने ते रोज सकाळी तासभर काम करत. त्याहून जास्त वेळ हात ऐकायचा नाही.

अनावरणाला आम्ही सगळे गेलो, नवीनसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून आला. सुभानराव उंच, ताठ, हातात माइक. काकांकडे त्यांनी पाहिलं नाही, काकांनीही नाही. पडदा ओढला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या लवकर थांबल्या. वीजवाल्यानं उत्साहानं पेटीच्या तळाशी पांढरी ट्यूब बसवली होती. काकांनी रंगवलेला सगळा उजेड डावीकडून वरून पडणारा होता. आता खालून दुसराच उजेड येत होता आणि दोन्ही मिळून स्वार चिखलात पडल्यासारखा दिसत होता. सोन्याची नक्षी हळदीच्या डागांसारखी.

सुभानराव पेटीशी वाकले आणि तेरा वर्षांनंतर भावाशी पहिलं वाक्य बोलले. "चमकत नाही रे."

"बटण कुठं आहे?" काकांनी विचारलं.

कुणी उत्तर द्यायच्या आत त्यांनी ते शोधलं आणि ट्यूब बंद केली. मग डावीकडची उंच खिडकी उघडायला लागले. कडी त्यांच्या हाताला लागेना, हात नुसताच तिच्याभोवती थरथरत राहिला. सुभानरावांनी ते पाहिलं. ते दोन पावलं पुढे आले, कडी काढली आणि दार ढकललं. दुपारचं ऊन आत आलं.

मला वर्णन नीट जमणार नाही. घोडा वळला असं वाटलं, एवढंच सांगते. छातीवर पोलाद उजळलं, कडांवर सोनं लखलखलं, आणि त्यात चमकीचा एक कणही नव्हता.

सुभानरावांनी चष्मा काढला आणि काचेला नाक लागेपर्यंत वाकले.

"खालचा ओठ अप्पांचा आहे," ते म्हणाले.

"हौदू."

"कवळी आहे तोंडात."

"आहे."

"कुठली?"

"तिसरी. ती चांगली बसायची."

माइक सुभानरावांच्या हातातच होता आणि चालू होता. सगळं सभागृह ऐकत होतं. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "ती वाटी माझ्याकडं आहे, खंडू. नदीत सोडायला म्हणून ठेवली होती. नाही सोडली."

काकांनी विचारलं, "पाण्यात ठेवतोस ना? कोरडी राहिली तर तडकते."

"रोज बदलतो पाणी."

"मग ठीक."

यानंतर चहा होता. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले आणि बिस्किटं नरम आहेत याबद्दल त्यांचं एकमत झालं.

काकांनी स्वतः रंगवलेलं ते शेवटचं. हात पुढे वाढतच गेला. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघायच्या सकाळी काकूंनी दहीभाताचा डबा दिला, मी त्यांना नमस्कार केला आणि काकांचा निरोप घ्यायला आत गेले.

खिडकीशी सुभानराव बसले होते. भिंगाचा पट्टा त्यांच्या कपाळाला होता आणि नवीनच्या एका सैनिकाचा गुडघा ते रंगवत होते. ते गेले काही महिने रोज अकराला येतात, हे मला माहीत होतं. काका शेजारच्या खुर्चीत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

"पाणी घाल," काका म्हणाले.

"घातलं की."

"अजून घाल. मुख्याध्यापकासारखा लावतोस."

"येते मी, काका," मी म्हटलं. काकांनी एक हात मोकळा केला, माझ्या डोक्यावर ठेवला, तो तिथं थरथरला, आणि पुन्हा मांडीखाली गेला. बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. दारातून मी वळून पाहिलं तेव्हा सुभानरावांनी रेघ ओढायला घेतली होती, जीभ ओठांत धरून, शाळेतल्या मुलासारखी. आणि खंडोजीरावांची मान, श्वास धरून, त्या ब्रशाबरोबर हळूहळू डावीकडे झुकत चालली होती.